नवोदित औषधनिर्माते आणि नेतृत्वाचे प्रशिक्षण

औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा पदवी हाती पडली, राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी झाली, की पहिल्या महिन्यातच आपल्या अनेक विद्यार्थ्यांकडे एक प्रस्ताव येतो. कोणी ओळखीचे गृहस्थ घरी येतात, वडिलांशी बोलतात आणि सांगतात, "मुलाला दुकानात यायची गरज नाही. सर्टिफिकेट भिंतीवर लावू, महिन्याला ठरावीक रक्कम घरपोच देऊ." घरची परिस्थिती बेताची असेल, मुलगी असेल आणि तिने बाहेर नोकरी करावी की नाही यावर घरात एकमत नसेल, तर हा प्रस्ताव मोठा सोयीचा वाटतो. चार वर्षे शिकलेला हा तरुण अशा वेळी आयुष्यातला पहिला व्यावसायिक निर्णय घेत असतो. त्या निर्णयाची तयारी महाविद्यालयाने त्याच्याकडून करून घेतलेली नसते.

नेतृत्व हा शब्द उच्चारला की आपल्याकडे सभा, संघटना, अध्यक्षपद आणि हारतुरे डोळ्यांसमोर येतात. प्रस्तुत लेखात तो शब्द त्या अर्थाने योजलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात औषधनिर्मात्याच्या सात भूमिका सांगितल्या होत्या : रुग्णसेवक, निर्णय घेणारा, संवाद साधणारा, व्यवस्थापक, आजन्म विद्यार्थी, शिक्षक आणि नेता. 'सप्ततारांकित औषधनिर्माता' या नावाने ही कल्पना आमच्या क्षेत्रात प्रचलित आहे व परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्नही येतो. विद्यार्थी सातही नावे पाठ करतो. पहिल्या सहांसाठी अभ्यासक्रमात कमीअधिक काहीतरी सापडते. सातव्यासाठी काय करायचे, हे मात्र कोठेच लिहिलेले नाही.

अमेरिकेतील सारा व्हाइट यांनी २००५ मध्ये रुग्णालयीन औषधनिर्माणातील नेतृत्वाच्या संभाव्य तुटवड्यावर एक अहवाल लिहिला. विभागप्रमुख मंडळी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यांच्या जागा घेण्यास तरुण उत्सुक नाहीत, अशी त्यांची चिंता होती. त्यांच्या मांडणीतील एक भेद मला विशेष उपयोगाचा वाटतो. एक नेतृत्व पदाचे आणि दुसरे पाळीचे. पदाचे नेतृत्व थोड्यांच्या वाट्याला येते; आपल्या पाळीत, आपल्या काउंटरवर, समोरच्या रुग्णापुरते नेतृत्व मात्र प्रत्येकाला करावेच लागते. आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघ ही १९१२ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिने २००१ पासून तरुण व्यावसायिकांचा स्वतंत्र गट चालवला आहे, आणि २०२० मध्ये जाहीर केलेल्या आपल्या २१ विकास उद्दिष्टांत नवोदितांच्या प्रशिक्षणाला व नेतृत्वविकासाला वेगवेगळे स्थान दिले आहे. म्हणजे जगाला हा प्रश्न कळला आहे. आपल्या दुकानापर्यंत तो अजून आलेला नाही, इतकेच.

जुना वारसा, नवी पोकळी

हा व्यवसाय आपल्या परंपरेला परका नाही. वैद्याहून वेगळा, औषधांचा स्वतंत्र जाणकार अशी ओळख अब्बासी काळातील बगदादने ठळक केली. अकराव्या शतकात अल-बिरूनी यांनी 'किताब अल-सैदना' हा औषधींवरील ग्रंथ सिद्ध केला. औषधविद्येच्या जाणकाराला दोन गोष्टींचा विवेक हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते : मिश्रणातील एखादा घटक मिळत नसेल तर तो केव्हा वगळावा आणि त्याच्या जागी दुसरा केव्हा घालावा. बदली औषधाचा हा प्रश्न आजही आपल्या काउंटरवर दिवसातून दहा वेळा उभा राहतो. फरक असा की, आज अनुसूची एच आणि एक्समधील औषधाऐवजी परस्पर दुसरे देण्याची मुभा औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम ६५ (११-अ) विक्रेत्याला देत नाही. त्यासाठी डॉक्टरांना विचारावे लागते. विचारण्याची हिंमत आणि रीत हा विषय मग ओघानेच येतो. बाजारातील भेसळीवर नजर ठेवणारा मुहतसिब औषधविक्रेत्यांचीही झडती घेत असे, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

आधुनिक काळात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. पणजी येथे १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी वैद्यकीय शाळा काढली, तिच्या जोडीने औषधनिर्माणाचे शिक्षण सुरू झाले. बडोद्यात १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी ॲलेंबिकचा पाया घातला. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्लाची स्थापना केली. त्यांचे पुत्र युसुफ हमीद यांनी २००१ मध्ये एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा त्याच उपचाराची किंमत पाश्चात्त्य कंपन्यांकडे दहा हजार डॉलरच्या वर होती. हैदराबादमध्ये आयडीपीएल या सरकारी कारखान्याने अनेक तरुण रसायनतज्ज्ञ घडवले. १९८४ मध्ये स्वतःची कंपनी काढणारे अंजी रेड्डी हे त्यांपैकीच एक.

या नावांचा आपण समारंभात अभिमानाने उल्लेख करतो. परंतु बारकाईने पाहिले तर ही सारी कारखान्यांची परंपरा आहे. कारखान्यात कनिष्ठाला ज्येष्ठ भेटतो, चूक सुधारणारा वरिष्ठ असतो, बढतीची पायरी असते. दुकानात यातले काहीच नसते. आपल्या देशात दुकानाच्या काउंटरवर दीर्घकाळ कंपाउंडर उभा होता. कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३१ च्या अहवालात अप्रशिक्षित माणसांच्या हाती औषधे असल्याची तक्रार नोंदवली. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणाचे शिक्षण सुरू केले आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा आला. त्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावयाचे. कायद्याने खुर्ची दिली. त्या खुर्चीवर एकट्याने बसायला शिकवणारा उस्ताद मात्र कोणी नेमला नाही.

पदविकेच्या १९९१ च्या नियमांत पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आहे, त्यांपैकी किमान अडीचशे तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवर औषध देण्यासाठी. जुन्या अभ्यासक्रमात 'ड्रग स्टोअर अँड बिझनेस मॅनेजमेंट' हा विषय होता, २०२० च्या नियमांनी 'कम्युनिटी फार्मसी अँड मॅनेजमेंट' आणला व त्यात समुपदेशनाला जागा दिली, ही स्वागतार्ह सुधारणा होय. तथापि हे पाचशे तास प्रत्यक्षात कसे भरले जातात, हे आपण सर्वजण जाणतो. ओळखीच्या मेडिकलवाल्याचा शिक्का आणि सही.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी माझी एक माजी विद्यार्थिनी एका खासगी रुग्णालयाच्या औषधालयात लागली. नोकरीला तीन महिने झाले होते. संध्याकाळच्या पाळीला पन्नाशीच्या पुढची एक बाई सांधेदुखीची चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवर दोन औषधे होती : मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम दिवसातून एकदा आणि फॉलिक ॲसिड आठवड्यातून एकदा.

वाचकांपैकी जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मेथोट्रेक्सेट हे मुळात कर्करोगावरचे औषध. संधिवातासाठी ते अल्प मात्रेत देतात, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. त्याचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी जोडीला फॉलिक ॲसिड देतात. दोन्ही गोळ्या लहान, पिवळसर. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेले तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि रुग्ण दगावू शकतो. ही चूक जगभर नोंदली गेलेली आहे. चिठ्ठीत दोन ओळींची अदलाबदल झाली होती, हे उघड होते.

मुलीला ते दिसले. तिने डॉक्टरांना फोन केला. "सर, ते मेथोट्रेक्सेट... रोज आहे का?" एवढेच ती बोलू शकली. पलीकडून उत्तर आले, "चिठ्ठी वाचता येत नाही का?" आणि फोन बंद झाला. औषधालयाच्या व्यवस्थापकाने सांगितले, "आहे तसे देऊन टाक, रांग लागलीय." तिने दिले.

त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री तिला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बिलावरून रुग्णाचा नंबर शोधला, फोन केला आणि गोळ्या थांबवायला सांगून बाईंना परत बोलावले. दोनच गोळ्या पोटात गेल्या होत्या. रक्ताची तपासणी झाली, ती ठीक निघाली, डॉक्टरांनी चिठ्ठी दुरुस्त केली. त्यांनी आभार मानले नाहीत. पण नंतर कधी फोनही आपटला नाही, असे ती सांगते.

या मुलीला औषधशास्त्रात प्रथम श्रेणी होती. उत्तरपत्रिकेत हाच प्रश्न आला असता तर तिने पूर्ण गुण मिळवले असते. तिला औषध माहीत होते, वाक्य माहीत नव्हते. तिला कमी पडले ते वाक्य मी तिला चार वर्षांत एकदाही शिकवले नव्हते, हे मी येथे कबूल करतो.

ते वाक्य शिकवता येते. अमेरिकन नौदलातील संदेशपद्धतीवरून रुग्णसेवेत आलेली एक चार टप्प्यांची रीत आहे : परिस्थिती, पार्श्वभूमी, माझे मत, माझी विनंती. तिचा मराठी नमुना असा होईल : "सर, मी औषधालयातून फार्मासिस्ट बोलते आहे. आपल्या एका रुग्णाच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम रोज असे आहे. बाईंना संधिवात आहे, फॉलिक ॲसिड आठवड्यातून एकदा लिहिले आहे. दोन्ही ओळींची अदलाबदल झाली असावी असे मला वाटते. रोज दिल्यास रक्तपेशींना धोका आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, असे करू का? आपण सांगेपर्यंत मी औषध थांबवून ठेवले आहे." यात उद्धटपणा कोठेही नाही. डॉक्टरांचा मान राखला आहे आणि शेवटच्या वाक्यात निर्णयही घेतला आहे. वर्गात दोघांना पाठीला पाठ लावून बसवावे, एकाने डॉक्टर व्हावे, चिडावे, फोन आपटावा, आणि दुसऱ्याने पुन्हा फोन करावा. पहिल्या वेळी मुले हसतात. पाचव्या वेळी आवाज स्थिर होतो.

नकार कसा द्यावा

डॉक्टरांपेक्षा कठीण परीक्षा मालकाची आणि गिऱ्हाईकाची. अनुसूची एच-१ ही १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तिच्यात प्रारंभी ४६ औषधे होती : वरच्या श्रेणीची प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, कोडीन, ट्रॅमाडॉल इत्यादी. ती विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ट्रॅमाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. मोहल्ल्यातलाच एखादा तरुण रोज खोकल्याच्या औषधाची बाटली मागायला येतो, तेव्हा काउंटरवरच्या पोराला कायदा ठाऊक असतो. पण समोरचा त्याच्या मोठ्या भावाचा दोस्त असतो आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला विक्री हवी असते.

माझ्या अनुभवात येथे कायद्याची धमकी चालत नाही. चालतात त्या दोन गोष्टी. एक, नकार देऊन न थांबता पर्याय देणे : "भाईजान, ही बाटली चिठ्ठीशिवाय माझ्या हातून जाणार नाही, खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, मी सोबत येतो." दुसरी, मालकाशी आधीच, शांतपणे, गिऱ्हाईक समोर नसताना बोलणे. नोकरी स्वीकारतानाच कोणत्या गोष्टी आपल्या हातून होणार नाहीत हे सांगून टाकलेल्या माणसाला पुढे भांडावे लागत नाही. काही ठिकाणी त्यामुळे नोकरी मिळत नाही, हे खरे आहे. अशा वेळी संस्थेकडे दुसऱ्या चार दुकानांची नावे असली पाहिजेत. एकट्या बावीस वर्षांच्या मुलाकडून आपण सचोटीची अपेक्षा करावी आणि त्याच्या चरितार्थाकडे पाठ फिरवावी, हे न्याय्य नव्हे.

दुकानातील मदतनीस मुलांचाही विचार करावा लागतो. त्यातले कित्येक पंधरा-वीस वर्षे कपाटे लावत आलेले असतात. नव्या फार्मासिस्टाला ते "पोरगा" म्हणतात. त्यांच्यावर हुकूम चालवून काही साधत नाही. पहिल्या महिन्यात त्यांच्याकडून कपाट शिकावे आणि मग सारख्या नावांच्या, सारख्या वेष्टनांच्या गोळ्या वेगळ्या ठेवण्याची सूचना त्यांच्याच तोंडून येऊ द्यावी. चुकांची एक साधी वही ठेवावी. तिच्यात नाव लिहायचे नाही, फक्त काय घडता घडता राहिले ते लिहायचे. गंभीर दुष्परिणाम दिसला तर तो २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवता येतो. दूरध्वनी १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. माझ्या वर्गात हा क्रमांक माहीत असलेले हात मोजकेच वर येतात.

रमजानपूर्व एक काम

नेतृत्व शिकवायचे तर हातात एक काम द्यावे लागते. आपल्या समाजात असे काम दरवर्षी आपोआप चालून येते.

मधुमेही रुग्णांच्या रोजांविषयी २००१ मध्ये १३ देशांतील १२,२४३ रुग्णांचा अभ्यास झाला. टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांपैकी सुमारे ७९ टक्क्यांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते; रमजानमध्ये साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे गंभीर प्रसंग त्यांच्यात साडेसात पट वाढलेले दिसले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने निघालेली मार्गदर्शिका (२०१६, सुधारित २०२१) सांगते की, रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाची तपासणी व औषधांची फेरआखणी व्हावी. रोजात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. आपल्याकडे घडते काय? बहुतेक रुग्ण सकाळची गोळी सहरीला आणि रात्रीची इफ्तारला, अशी आपली आपणच अदलाबदल करतात. ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी गोळी सहरीला घेऊन दिवसभर उपाशी राहिलेला माणूस असरच्या सुमारास घामाघूम होतो, आणि घरचे त्याला रोजा लागला असे समजतात.

हा रुग्ण डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी जातो, मेडिकलमध्ये दर महिन्याला येतो. म्हणून काम फार्मासिस्टाचे. शाबानच्या आधीच आपल्या गिऱ्हाइकांतील मधुमेहींची यादी करायची. प्रत्येकाला विचारायचे, रोजे ठेवणार का. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते एका कागदावर लिहून तो कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवायचे. मात्रा स्वतः बदलायची नाही, ही मर्यादा पाळायचीच. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. पण हे फार्मासिस्टाने सांगून पटत नाही. त्यासाठी मस्जिदीच्या इमामसाहेबांना भेटावे लागते, आणि जुम्याच्या बयानात दोन मिनिटे मागावी लागतात. आमच्या सीमाभागात चिठ्ठी इंग्रजीत, बोलणे दखनीत, दुकानाची पाटी कानडीत आणि रुग्णाची सून मराठी शाळेत शिकलेली, अशी स्थिती असते. तेव्हा पत्रक कोणत्या लिपीत छापायचे हाही निर्णय घ्यावा लागतो. एका महिन्याच्या या कामात डॉक्टर, इमाम, मालक आणि रुग्ण या चौघांशी बोलणे येते. शेवटी हिशेब मांडायचा : किती जणांना विचारले, किती डॉक्टरांकडे गेले, कितींची आखणी बदलली, ईदनंतर कितींनी त्रास सांगितला. आकडे लहान असोत, पण ते स्वतः गोळा केलेले असले पाहिजेत.

हैदराबादचे सुलतान-उल-उलूम किंवा पुण्याचे अल्लाना यांसारखी औषधनिर्माण महाविद्यालये मुस्लिम शिक्षणसंस्थांनी उभी केली आहेत. आपल्या वर्गांतून मुली मोठ्या संख्येने दिसतात आणि नोंदणीनंतर त्यांतील कित्येक काउंटरपर्यंत पोचतच नाहीत. इमारती झाल्या, प्रयोगशाळा झाल्या. नोंदणीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी मात्र संस्थेकडे काही नसते. वर्षातून बारा रविवार, प्रत्येक पाच-सहा नवोदितांमागे शहरातला एक अनुभवी औषधनिर्माता, फोनवर बोलण्याचा सराव, चुकांच्या वहीचे वाचन आणि रमजानपूर्व एक काम, एवढ्याला वेगळे अनुदान लागत नाही. लागतो तो ज्येष्ठांचा वेळ, आणि अनुभवाने सांगतो, तोच सर्वांत दुर्मीळ. मुलींसाठी एक पूरक गोष्ट करावी लागते : पहिल्या बैठकीला आईवडिलांना बोलवावे. प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा प्रस्ताव त्यांच्याकडेच येतो, आणि कलम ४२ काय आहे, दुकानात काही विपरीत घडले तर चौकशीत कोणाचे नाव पुढे येते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मी अशा एका बैठकीत ते समजावले, तेव्हा एका वडिलांनी विचारले, "म्हणजे आम्ही पैसे घेणार आणि गुन्हा पोरीच्या नावावर?" त्यांनी त्याच आठवड्यात प्रमाणपत्र परत आणले.

मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी आली होती ती विद्यार्थिनी आज दुसऱ्या एका औषधालयाची प्रमुख आहे. नव्या मुलांना ती पहिल्या दिवशी फोन करायला लावते. तिच्याकडे ते औषध इतर गोळ्यांबरोबर कपाटात नसते. वेगळ्या डब्यात असते, आणि डब्यावर मराठी, कानडी व उर्दू अशा तिन्ही लिप्यांत लाल अक्षरांत लिहिलेले आहे : आठवड्यातून एकदा.